मागितलेली फेज, मिळालेली फेज

धार आणि देवास ही माळव्यातली पवारांची दोन गावे. एक इंदूरच्या पश्चिमेला, दुसरे ईशान्येला. देवासहून आग्रा-मुंबई रस्त्याने चाळीसेक किलोमीटर, धारहून बेटम्यावरून साठ-पासष्ट, की दोन्हीकडचा प्रवासी इंदुरात पोहोचतो. त्याच इंदूरच्या नैर्ऋत्य कडेला, सुखनिवासच्या तलावालगत, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. जुन्या लोकांच्या तोंडी ते अजूनही ‘कॅट’च आहे. 19 फेब्रुवारी 1984 रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, डॉ. दिलीप देविदास भवाळकर या सागरच्या मराठी शास्त्रज्ञाने पहिले संचालक म्हणून त्याची घडी बसवली आणि डिसेंबर 2005 मध्ये त्याला राजा रामण्णांचे नाव मिळाले. बाहेरच्या माणसाला हे केंद्र ठाऊक असते ते इंडस-1 आणि इंडस-2 या सिंक्रोट्रॉनांमुळे. मात्र तिथे प्रकाशाच्या चिमट्यांवरही, म्हणजे लेझरच्या झोतात बारीक कण पकडण्यावरही, बरीच वर्षे काम झाले आहे. पी. के. गुप्ता यांच्या गटाने 2011 मध्ये वलयाकार लेझर झोतात तांबड्या रक्तपेशी पकडून त्या हव्या तशा कलत्या करता येतात आणि फिरवताही येतात, हे ‘ऑप्टिक्स एक्स्प्रेस’मध्ये दाखवले. पुढच्या वर्षी होलोग्राफीने मांडलेल्या सापळ्यांच्या रांगांतून कण निवडून वेगळे करण्याचे काम त्यांनी प्रसिद्ध केले.

एका झोताचे असे अनेक सापळे करायचे, तर आज बहुतेक प्रयोगशाळांत एकच वस्तू लागते. तिचे नाव स्पेशियल लाइट मॉड्युलेटर, बोलीत एसएलएम. अंगठ्याच्या नखाएवढी काच, खाली सिलिकॉनची चिप, मध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर. 1920 गुणिले 1080 पिक्सेल आणि एकेक पिक्सेल 8 मायक्रॉनचा, हे माप बाजारात सर्रास मिळते. संगणकाला ही काच म्हणजे दुसरा मॉनिटर वाटते. तिच्यावर करडे चित्र पाठवायचे. चित्रातल्या 0 ते 255 या आकड्यांप्रमाणे प्रत्येक पिक्सेल आपल्यावरून परतणाऱ्या प्रकाशाला कमीजास्त उशीर लावतो. या उशिराचे नाव फेज. पूर्ण एक तरंगलांबीचा उशीर झाला की फेज 2π, आणि तिथून तरंग पुन्हा पहिल्यासारखा. कोणत्या पिक्सेलला किती उशीर हवा याचा नकाशा बरोबर आखला, तर भिंगाच्या पलीकडे प्रकाश हव्या त्या ठिकाणी गोळा होतो.

प्रश्न इतकाच की 128 हा आकडा पाठवल्यावर खरोखर π एवढी फेज मिळते का? कारखान्यातून आलेल्या कागदावर मिळते. टेबलावर ती क्वचितच मिळते. या एका प्रश्नावर गेली चाळीस वर्षे लेख येत आहेत, आणि ते वाचत गेले की लक्षात येते: मोजण्याच्या पद्धती फारशा बदललेल्या नाहीत, नेमके काय मोजायचे ही समज मात्र टप्प्याटप्प्याने वाढत गेली.

मुळात आकडा आणि फेज यांचे नाते वाकडे का? द्रवस्फटिकाचे लांबट रेणू काचेला समांतर निजलेले असतात. व्होल्टेज दिले की ते उभे राहू लागतात आणि प्रकाशाला दिसणारा अपवर्तनांक घटतो. पण एका उंबरठ्यापर्यंत ते जागचे हलतच नाहीत. या उंबरठ्याला रशियन शास्त्रज्ञ फ्रेडरिक्स यांचे नाव आहे. उंबरठा ओलांडला की भराभर फिरतात. शेवटी बहुतेक उभे झाले की पुढचे व्होल्टेज वाया जाते, कारण काचेला चिकटलेला थर दाद देत नाही. म्हणजे आलेख आधी सपाट, मग चढा, मग पुन्हा सपाट. तो सरळ दिसावा म्हणून मध्ये एक तक्ता घालतात, त्याला लुक-अप टेबल म्हणतात: अमुक फेज हवी तर अमुक व्होल्टेज. कॅलिब्रेशन म्हणजे व्यवहारात हा तक्ता भरणे.

द्रवस्फटिकांच्या शास्त्रात भारताचा वाटा मोठा आहे. थाळीसारख्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात हे 1977 मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. एसएलएममध्ये वापरतात ते काडीसारख्या रेणूंचे, टीव्हीच्या पडद्यातले. आणि ही वस्तू आलीही टीव्हीतूनच. 1985 मध्ये लिऊ, डेव्हिस आणि लिली या अमेरिकी संशोधकांनी रेडिओ शॅक दुकानातला खिशात मावणारा द्रवस्फटिक टीव्ही प्रकाशीय गणितासाठी वापरून पाहिला. नंतर दहा-पंधरा वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा असेच टीव्ही आणि प्रोजेक्टर उघडून त्यातल्या काचा काढत होत्या. त्या काचांत रेणूंची रचना पिळदार होती. फेज बदलायला जावे तर प्रकाशाची तीव्रताही बदले, ध्रुवीकरणही फिरे. त्या काळातले कॅलिब्रेशनचे लेख ध्रुवीकरणाचा हिशेब ठेवणाऱ्या जोन्स मॅट्रिक्सांनी भरलेले आहेत ते यामुळे. समांतर रचनेचे, केवळ फेज बदलणारे पॅनेल मिळू लागले तेव्हा ती कटकट संपली आणि बारीक चुका उघड्या पडू लागल्या.

चूक झाली तर बिघडते काय, हे आकड्यांत पाहिलेले बरे. झोत एका बाजूला वळवायचा म्हणून एसएलएमवर करवतीच्या दातांसारखा नकाशा चढवला, शून्यापासून 2π पर्यंत चढ आणि पुन्हा शून्य. सर्व काही चोख असेल, तर तत्त्वतः सगळा प्रकाश हव्या त्या दिशेला जातो. चढ 10 टक्के कमी पडला, म्हणजे 2π ऐवजी 1.8π च झाला, तर हव्या दिशेला 96.8 टक्के जातो आणि 1.2 टक्के न वळता सरळ परततो. चढ 20 टक्के कमी पडला तर हेच आकडे 87.5 आणि 5.5 होतात. पहिला आकडा पाहून कोणीही म्हणेल, 3 टक्क्यांनी काय होते? पण त्याच झोताचे शंभर सापळे करायचे असतील तर एकेका सापळ्याच्या वाट्याला सुमारे 1 टक्का प्रकाश येतो. मग मधोमध उरलेला 1.2 टक्क्यांचा नको असलेला ठिपका प्रत्येक सापळ्यापेक्षा प्रबळ ठरतो, आणि पेशी त्याच्याकडेच जातात. रक्तपेशीवर काम करणाऱ्याला कॅलिब्रेशनची किंमत कळते ती इथे.

फेज डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यालाही नाही. ती दिसावी म्हणून तिचे पट्टे करावे लागतात. हे कसब धार जिल्ह्याला अपरिचित नाही. पीथमपूरसारख्या औद्योगिक पट्ट्यात जिथे जिथे सील किंवा गेजचे पृष्ठभाग घासून सपाट करतात, तिथे ऑप्टिकल फ्लॅट नावाची जाड, अत्यंत सपाट काच त्यावर ठेवून एकरंगी दिव्याखाली पट्टे पाहतात. दोन शेजारच्या पट्ट्यांमधला फरक म्हणजे अर्धी तरंगलांबी; सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली सुमारे 0.29 मायक्रॉन. पट्टे सरळ तर पृष्ठभाग सपाट, वाकले तर तितका फुगवटा. एसएलएमच्या कॅलिब्रेशनचे निम्मे तंत्र हेच आहे. फरक असा की इथे स्थिर लोखंड नसून आकड्याच्या हुकमाने वरखाली होणारा द्रवस्फटिक आहे.

सर्वांत साधी पद्धत दोन छिद्रांची, यंगच्या 1800 च्या सुमाराच्या प्रयोगातून आलेली. काळ्या पत्र्याला दोन छिद्रे पाडायची, पत्रा एसएलएमसमोर ठेवायचा, लेझरचा रुंद झोत सोडायचा. परतलेले दोन बारीक झोत भिंगाने एकत्र आणले की कॅमेऱ्यावर उभे पट्टे दिसतात. समजा, छिद्रांत 5 मिलिमीटर अंतर आहे, भिंगाची नाभी 50 सेंटिमीटरवर आहे, लेझर तांबडा, 633 नॅनोमीटरचा. मग एका पट्ट्याची रुंदी 63 मायक्रॉन येते. कॅमेऱ्याचा पिक्सेल 5 मायक्रॉनचा असेल तर एका पट्ट्यात बारा-तेरा पिक्सेल. आता एसएलएमचा डावा अर्धा भाग शून्यावर ठेवायचा आणि उजव्या भागाला 0, 1, 2 असे करत 255 पर्यंत न्यायचे. पट्टे सरकत जातात. पूर्ण एक पट्टा सरकला की 2π. एका पिक्सेलचे सरकणे जवळजवळ अर्धा रेडियन होते, त्यामुळे नुसत्या नजरेने भागत नाही. पट्ट्यांच्या चित्राचे फूरिए रूपांतर घेतले की पट्ट्याच्या शंभराव्या भागापर्यंतचे सरकणे हाती लागते. बर्जरॉन आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये ‘अप्लाइड ऑप्टिक्स’मध्ये या धर्तीचे कॅलिब्रेशन मांडले, आणि आजही नवा विद्यार्थी प्रयोगशाळेत आला की बहुधा यापासूनच सुरुवात करतो.

या पद्धतीला पुष्कळ जण प्राथमिक समजून बाजूला सारतात. ते बरोबर नाही. दोन्ही झोत त्याच आरशांवरून, त्याच भिंगातून जातात, म्हणून टेबल हलले, बाहेरच्या रस्त्यावरून ट्रक गेला, एसीची हवा लागली, तरी दोघांना सारखाच धक्का बसतो आणि पट्टे जागेवर राहतात. देवासशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते कुमार गंधर्व तंबोरे जुळवण्यासाठी प्रसिद्ध होते. तंबोरा लागला की नाही हे ठरते ते दुसऱ्या तंबोऱ्याशेजारी, दोन्हींच्या नादांतला हेलकावा थांबतो तेव्हा. दोन छिद्रांची पद्धत अशाच जातीची आहे, बाहेरचे मापच ती मागत नाही.

तिची मर्यादा मात्र खरी आहे. ती छिद्रांपुरतेच सांगते. सबंध काचेचा नकाशा हवा असेल तर मायकेल्सन किंवा ट्वायमन-ग्रीन जातीचा इंटरफेरोमीटर उभारावा लागतो. त्यात एका हातात एसएलएम, दुसऱ्यात उत्तम सपाट आरसा. आरसा ठरावीक पावलांनी पुढे सरकवून पट्ट्यांची अनेक चित्रे घ्यायची आणि प्रत्येक पिक्सेलची फेज गणिताने काढायची. यात एक गंमत आहे. प्रत्येक पावलाने प्रकाशाच्या वाटेत तंतोतंत पाव तरंगलांबीची भर पडली नाही तर उत्तर चुकते. म्हणजे फेज मोजणाऱ्या यंत्राचेच आधी कॅलिब्रेशन हवे. या गाठीवरचा सर्वांत सुटसुटीत तोडगा एका भारतीय शास्त्रज्ञाचा आहे. पी. हरिहरन हे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करून ऑस्ट्रेलियात गेले. तिथे ओरेब आणि आयजू यांच्यासह त्यांनी 1987 मध्ये पाच पावलांचे सूत्र दिले: −π, −π/2, 0, π/2, π. यात पाऊल थोडे चुकले तरी चुकीचा मुख्य भाग आपसूक कटतो. आज इंटरफेरोमीटरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हरिहरन’ हा पर्याय सर्रास दिसतो.

फेजचे खात्रीचे पाऊल टाकण्याचा आणखी एक मार्ग भारतीय कामातूनच निघाला. शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी 1956 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, दाखवले की प्रकाशाचे ध्रुवीकरण एका चक्रातून फिरवून मूळपदावर आणले तरी त्याच्या अंगी फेज उरते, आणि ती अंतरावर अवलंबून नसून त्या चक्राच्या भूमितीवर अवलंबून असते. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या वाटेत अर्धतरंग पट्टी एखाद्या कोनात फिरवली तर फेज त्याच्या दुप्पट बदलते. कोन मोजणे हे अंतर मोजण्यापेक्षा कितीतरी सोपे. हरिहरन यांनी 1992 मध्ये मैत्रेयी रॉय यांच्यासह याच तत्त्वावरचा इंटरफेरोमीटर मांडला. एसएलएमवाले हा मार्ग कमी वापरतात, हे थोडे नवलच.

घाईत असणाऱ्यांसाठी दोन आडवाटा आहेत. एक, एसएलएम एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन पोलरायझरांच्या मध्ये 45 अंशांवर ठेवून तीव्रता मोजणे. दुसरी, काचेवर एक पट्टा शून्याचा, एक आकड्याचा, अशी जाळी चढवून विवर्तनाच्या पहिल्या ठिपक्याची तीव्रता मोजणे. दोन्हींत उत्तर फेजच्या अर्ध्याच्या साइनच्या वर्गाने येते. फोटोडायोड पुरतो, कॅमेरा नको, पट्टे नकोत. पण आलेख 0, π आणि 2π पाशी सपाट असतो, तिथे मापाची धार जाते. शिवाय चढ कुठला आणि उतार कुठला हे माणसानेच ठरवायचे. जाळीची पद्धत वापरताना न वळता परतणारा, शून्याचा ठिपका टाळावा, कारण वरच्या काचेवरून परतलेला प्रकाशही त्यात मिसळतो.

इथपर्यंतचा सगळा खटाटोप एका वक्रासाठी झाला. गेल्या वीस वर्षांत पटलेली गोष्ट ही की एक वक्र पुरत नाही.

तरंगलांबी बदलली की तक्ता बदलतो, हे उघडच. 633 चा तक्ता 532 च्या हिरव्या लेझरला लावताना काही जण सरळ प्रमाण घेतात, 1.19 पट. पण तरंगलांबी घटली की द्रवस्फटिकाचा अपवर्तनांकांतला फरकही वाढतो, त्यामुळे खरी फेज त्याहून जास्त भरते. चिमट्यांत बहुधा 1064 नॅनोमीटरचा अवरक्त लेझर असतो, पेशी त्याला फारशी शोषत नाही म्हणून. तिथे उलट अडचण: जी काच हिरव्यात आरामात 2π देते, ती अवरक्तात तिथपर्यंत पोहोचेलच असे नाही. खरेदी करताना तरंगलांबीचा पट्टा पाहून घ्यावा लागतो तो यासाठी.

तापमान हा दुसरा मुद्दा, आणि माळव्यात तो अंगावर येतो. द्रवस्फटिक गरम झाला की त्याचा फेज बदलण्याचा आवाका घटतो. माळव्याची रात्र थंड म्हणून नावाजलेली, पण मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. एसी असला तरी सकाळी लावल्यापासून काचेला स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि शक्तिमान लेझर पडला की काच आतून तापते ती वेगळीच. लेझरने धातू कापण्या-कोरण्याच्या कामात एसएलएम वापरायला लागल्यापासून ही बाब ऐरणीवर आली. अशा उपकरणांना मागून पाण्याने थंड ठेवतात. सांगायचे ते असे की कमी शक्तीच्या लेझरने भरलेला तक्ता जास्त शक्तीला लावू नये.

तिसरी गोष्ट जागेची. सिलिकॉनची चिप कधीच पूर्ण सपाट नसते, आणि द्रवस्फटिकाचा थर कडेला एक, मध्ये एक असा असतो. पहिल्या दोषामुळे झोताला आधीच वाक येतो; तो एकदा मोजून नकाशातून वजा करता येतो. दुसरा दोष जास्त खट्याळ. त्यामुळे वक्रच जागोजागी वेगळा होतो. ओटोन, अँब्स, मिल्यान आणि पेरेझ-काब्रे यांनी 2007 मध्ये काचेच्या अनेक बिंदूंवर वेगवेगळे तक्ते भरून दाखवले, तर स्वीडनमधल्या योटेबोरीच्या एंगस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये जागेप्रमाणे बदलणारा प्रतिसाद असलेल्या एसएलएमच्या कॅलिब्रेशनवर सविस्तर लेख लिहिला. आज हा विषय शिकायचा तर तो लेख वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

चौथी गोष्ट शेजाऱ्यांची. एका पिक्सेलवर 2π आणि शेजारच्यावर शून्य मागितले, तर मधली विद्युतक्षेत्रे एकमेकांत शिरतात आणि कडा उतरती होते. सगळी काच एकाच आकड्यावर ठेवून भरलेल्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही. बारीक जाळीवर मात्र कार्यक्षमता गडगडते. म्हणून जाळीच्या पद्धतीने कॅलिब्रेशन करताना पट्टे ऐसपैस, पुष्कळ पिक्सेल रुंदीचे ठेवतात. एक-दोन पिक्सेलांच्या पट्ट्यांवर मोजलेली फेज ही त्या पट्ट्यांपुरतीच खरी.

आणि काळ. बऱ्याच पॅनेलांना व्होल्टेज डिजिटल ठोक्यांनी मिळते, त्यामुळे फेज एका जागी न राहता थरथरते. सावकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याला सरासरी दिसते, थरथर दिसत नाही. वेगवान फोटोडायोड लावला की दिसते. 2012 मध्ये गार्सिया-मार्केझ आणि सहकाऱ्यांनी पॅनेल थंड करून ही थरथर कमी केली, कारण थंडीत द्रवस्फटिक घट्ट होतो आणि ठोक्यांच्या मागे धावत नाही. पण थंड केले की तक्ताही नवा भरावा लागतो आणि काच सुस्तही होते. इथे फुकट काही मिळत नाही.

या पाचही बाबी एकत्र ठेवल्या की प्रश्नाचे रूप पालटते. काच एकटी काढून, निराळ्या टेबलावर, निराळ्या लेझरने मोजलेला सुंदर वक्र प्रत्यक्ष मायक्रोस्कोपपाशी कितपत चालेल? तिथे काचेशिवाय भिंगे आहेत, आरसे आहेत, नमुन्याची काच आहे. इन्सब्रुकच्या येसाखर आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये यावर देखणा उपाय काढला. वलयाकार झोताचे चित्र घ्यायचे. वलय जरा जरी वाकडे असले तरी डोळ्याला लगेच कळते, आणि त्या वाकडेपणावरून गेर्चबर्ग-सॅक्स्टन यांच्या 1972 च्या पद्धतीने फेजचा दोष परत काढता येतो. इंदुरात रक्तपेशी फिरवायला वापरलेला झोत याच वलयाच्या जातीचा. सेंट अँड्र्यूजच्या चिझमार, माझिलू आणि ढोलकिया यांनी 2010 मध्ये ‘नेचर फोटॉनिक्स’मध्ये पुढचे पाऊल टाकले: एसएलएमचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्याची फेज थेट नमुन्याच्या जागीच जुळवायची, म्हणजे वाटेतले सगळे दोष एकदमच निघतात.

मग कोणी विचारेल, तक्ता हवाच कशाला? कॅमेऱ्याने ठिपके पाहायचे, फिका असेल त्याला जास्त प्रकाश द्यायचा, पुन्हा पाहायचे, की झाले. अणूंच्या सापळ्यांवर काम करणारे असेच करतात. पॅरिसजवळ ब्रोवेज यांच्या गटाने 2018 मध्ये 72 पर्यंत अणू एकेक करून अवकाशात मांडले; त्याच कामात आयफेल टॉवरच्या आकाराची सापळ्यांची मांडणीही होती. तिथे सर्व सापळे सारख्या खोलीचे नसतील तर खेळच संपतो. प्रतिसादाचा हा मार्ग जोरकस आहे, यात शंका नाही. पण तो रोग बरा न करता लक्षणे दाबतो. आज जुळवलेला नकाशा उद्या वेगळ्या मांडणीला चालत नाही, आणि दोष काचेत आहे की भिंगात हे कधीच कळत नाही. सापळे रोज तेच असतील तर प्रतिसाद पुरे. मांडणी दर मिनिटाला बदलायची असेल, पेशींच्या कामात ती बदलतेच, तर आधी चांगला तक्ता आणि मग वरून प्रतिसाद, हा क्रम शहाणपणाचा.

देवासकरांना या विषयाची दुसरी बाजू जवळची वाटेल. तिथल्या बँक नोट प्रेसचे काम 1974 मध्ये सुरू झाले, तिचा स्वतःचा शाईचा कारखाना आहे, आणि नक्कल कशी रोखावी हा तिथला रोजचा प्रश्न. फेज दिसत नाही म्हणजे ती फोटोकॉपीतही येत नाही. या साध्या निरीक्षणावर 1990 च्या दशकात प्रकाशीय सुरक्षेची एक शाखाच उभी राहिली. रेफ्रेजिए आणि जाविदी यांनी 1995 मध्ये चित्र दोन यादृच्छिक फेज-पडद्यांमधून नेऊन लपवण्याची पद्धत दिली. दिल्लीच्या आयआयटीत उन्नीकृष्णन, जॉबी जोसेफ आणि केहर सिंग यांनी 2000 मध्ये तिला अपूर्णांकी फूरिए रूपांतराची जोड दिली. ही सगळी प्रयोगशाळेतली कामे, पण त्यांतून कॅलिब्रेशनचा धडा मिळतो. किल्ली म्हणून चढवलेला फेज-पडदा चित्र लपवताना एका एसएलएमवर आणि उघडताना दुसऱ्यावर असेल, आणि दोन्हींचे तक्ते वेगळे असतील, तर चित्र दाणेदार ठिपक्यांनी भरून येते. किल्ली तीच, कुलूप तेच, तरी दार नीट उघडत नाही. पुढे 2005 मध्ये कार्निसर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत गणिताने फोडता येते हे दाखवल्यावर तिचा बोलबाला ओसरला, तो भाग निराळा.

आता भारतातली मागणी वाढणार आहे. एप्रिल 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला 6003.65 कोटी रुपये आहेत आणि त्यातले क्वांटम संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपण्याच्या लायगो-इंडिया प्रकल्पात इंदूरचे केंद्र सहभागी आहे; तो तर इंटरफेरोमीटरच, चार किलोमीटर लांबीच्या हातांचा. प्रकाशाची फेज मोजणारी माणसे या पट्ट्यात लागणार, आणि ती काही सगळी परदेशातून शिकून येणार नाहीत.

एसएलएमची किंमत लाखांत जाते, म्हणून धार-देवासच्या कॉलेजांनी हात आखडावा असे नाही. जुना, दिवा गेलेला एलसीडी प्रोजेक्टर भंगारात स्वस्त मिळतो. त्यातले एक पॅनेल त्याच्या जोडणीसह ठेवून दोन्ही बाजूंचे पोलरायझर अलगद काढायचे, तांबडा लेझर झोत रुंद करून त्यातून पाठवायचा, पॅनेलसमोर दोन छिद्रांचा पत्रा ठेवायचा, आणि भिंगामागे साधा वेबकॅम, त्याचे आपोआप उजेड जुळवणे बंद करून. अर्धा पडदा काळा, अर्ध्यावर करडा रंग पायरीपायरीने वाढवत न्यायचा. पट्टे सरकतात, पण हे पॅनेल पिळदार रचनेचे असल्याने दोन्ही झोतांचे ध्रुवीकरण वेगळे होत जाते आणि पट्टे हळूहळू फिकेही होतात. पॅनेलनंतर एक पोलरायझर लावून तो फिरवत गेले तर एखाद्या कोनाला पट्टे पुन्हा ठसठशीत होतात; तो कोन लिहून ठेवावा, पुढचे सगळे मोजमाप त्यावरच करायचे असते.